तो लेख कधीचा आहे ते आधी बघा

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की घटस्फोट, पोटगी, वारसा, दत्तक असल्या घरगुती कायद्यांची माहिती तुम्ही नेटवर कुठे शोधता आणि कुठे अडकता. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून एवढं आलं की निवडता निवडता दमछाक झाली. आधीच सांगून ठेवते, मी वकील नाही. तुमच्या केसचं काय होईल ते मला विचारू नका, ते बघायचं कुठे आणि बघताना कुठे पाय घसरतो एवढंच मी सांगू शकते, आणि तेसुद्धा बऱ्याचदा स्वतः घसरून झाल्यावर कळलेलं आहे.

प्रश्न: ताई, माझे वडील 2001 मध्ये वारले. एका साइटवर वाचलं की वडील 2005 च्या आधी गेले असतील तर मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही. दुसऱ्या साइटवर वाचलं की आहे. दोन्ही लेख वकिलांनीच लिहिलेत. आता मी खरं कुणाचं मानू? भाऊ अर्थातच पहिला लेख पाठवतोय.

भाऊ पहिलाच पाठवणार हो, त्यात नवल काय! पण गंमत बघा, दोन्ही वकील आपापल्या वेळेला बरोबरच होते. हिंदू वारसा कायद्यात जी दुरुस्ती झाली ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. मग भांडण सुरू झालं की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का. ऑक्टोबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, हवेत. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या एका निकालात वडील 2001 साली गेलेले, म्हणजे अगदी तुमच्यासारखंच, आणि तरी मुलींना वाटा दिला गेला. दोन निकाल दोन दिशांना, त्यामुळे प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेलं आणि 11 ऑगस्ट 2020 ला त्यांनी विषय संपवला: हक्क जन्मामुळे येतो, त्यामुळे 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याने काही फरक पडत नाही. 2015 चा निकाल तिथे रद्दबातल ठरला.

आता भावाने पाठवलेला लेख उघडा आणि त्यात 2020 हा आकडा शोधा. मोबाइलवर ब्राउझरच्या मेनूत पानात शोधायची सोय असते, ती वापरा. सापडला नाही तर तो लेख 2016-17 चा आहे असं समजा, वर तारीख कुठलीही असो, कारण बऱ्याच साइट जुन्याच लेखावर 'अपडेटेड' म्हणून या महिन्याची तारीख चिकटवतात आणि आत एक ओळसुद्धा बदललेली नसते. मी तर हल्ली वरची तारीख बघतच नाही, लेखात सगळ्यात अलीकडचा निकाल कुठल्या वर्षाचा आलाय ते बघते, तीच त्या लेखाची खरी तारीख.

आणि निकाल स्वतः बघायचा असेल तर इंडियन कानून ही साइट फुकट आहे, 2008 पासून चालू आहे, वकीलही दिवसभर तीच उघडून बसलेले असतात. तिथे प्रत्येक निकालाबरोबर हा निकाल पुढे कुठल्या निकालांमध्ये आलाय त्याची यादी मिळते. लोक निकाल वाचतात आणि ती यादी सोडून देतात, आणि चूक नेमकी तिथेच होते. यादीतले नंतरच्या वर्षांचे, विशेषतः सुप्रीम कोर्टाचे दोन-चार निकाल उघडा आणि त्यात 'ओव्हररूल्ड', म्हणजे आधीचा निकाल मोडीत काढला, हा शब्द शोधा. 2015 चा निकाल एकटा वाचलात तर तो अजून जिवंतच वाटेल, त्याच्या अंगावर काही 'मी मेलोय' असं लिहिलेलं नसतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांना ही दुरुस्ती हात लावत नाही. आणि महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, 1994 मध्ये, स्वतःची दुरुस्ती केली होती, त्यात तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, त्यामुळे जुन्या मराठी लेखांमध्ये 'लग्न 1994 च्या आधी की नंतर' असा तिसराच घोळ सापडेल. तुमची मालमत्ता मुळात वडिलोपार्जित आहे की वडिलांची स्वकष्टार्जित, हा प्रश्न वेगळा, तो कागद बघून वकीलच सांगतील.

प्रश्न: कायद्याचा मूळ मजकूर कुठला धरायचा? माझ्याकडे एका ग्रुपवर आलेल्या बेअर ॲक्टच्या, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराच्या, पीडीएफ आहेत, त्या चालतील का?

नाही चालणार, आणि हे मी अगदी तोंडावर पडून शिकले आहे. माझ्या लॅपटॉपवर कौटुंबिक हिंसाचार कायद्याची, म्हणजे 2005 च्या कायद्याची, एक पीडीएफ वर्षानुवर्षं पडून होती, सुटसुटीत, छान छापलेली. ओळखीच्या एका वयस्क मावशींना मुलगा आणि सून दोघंही त्रास देत होते. मी पीडीएफ उघडली, व्याख्येच्या कलमात तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो 'प्रौढ पुरुष' असं लिहिलेलं, झालं, मी ठामपणे सांगून टाकलं की मावशी, मुलावर करता येईल, सुनेवर नाही. मावशी गप्प झाल्या. पुढे एका वकीलबाईंनी मला विचारलं, अहो तुम्ही कुठल्या काळात आहात, 'प्रौढ पुरुष' हे शब्द सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2016 मध्येच काढून टाकलेत! मावशींना फोन करून चूक कबूल करताना जे वाटलं ते अजून आठवतं.

तर मूळ मजकुरासाठी इंडिया कोड. केंद्राच्या कायदा मंत्रालयाची साइट आहे, केंद्राचे आणि राज्यांचेही कायदे एकाच ठिकाणी मिळतात. कायद्याचं नाव टाकलं की कलमांची यादी येते, एकेक कलम वेगळं उघडता येतं, नियम आणि अधिसूचना बाजूला असतात. कलमाच्या खालच्या बारीक टिपा कृपा करून वाचा. अमुक शब्द तमुक सालच्या कायद्याने घातले, अमुक तारखेपासून लागू, असं सगळं त्या टिपांमध्येच असतं आणि घाईत आपण नेमकं तेच गाळतो. लग्न-घटस्फोट हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यावर कायदा करता येतो, तेव्हा आपल्या राज्याने काही वेगळं केलंय का तेही बघायचं. अगदी ताजी दुरुस्ती असेल तर ई-गॅझेट बघा, कारण राजपत्रात आधी येतं, बाकी सगळीकडे मागाहून.

पण माझ्या मावशींच्या बाबतीतली चूक नुसतं इंडिया कोड बघूनही टळेलच असं नाही. संसदेने केलेला बदल कायद्याच्या मजकुरात घातला जातो, कोर्टाने रद्द केलेले शब्द मजकुरातून आपोआप पुसले जातातच असं नाही. म्हणून कलम वाचलं की तेच कलम इंडियन कानूनवर टाकून अलीकडचे निकाल चाळायचे. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

प्रश्न: मी पोटगीसाठी 'कलम 125' वर एवढं वाचून ठेवलं आणि वकिलांनी अर्जात 144 लिहिलंय. त्यांचं चुकलं का?

नाही चुकलं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुनं 125 तिथे 144 झालं. तसंच सासरच्या छळाचं 498अ आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 मध्ये आहे. त्या तारखेच्या आधीच कोर्टात सुरू असलेली प्रकरणं जुन्या संहितेप्रमाणेच पुढे चालतात, त्यामुळे दोन शेजारणींच्या कागदावर दोन वेगळे आकडे दिसले तरी दोन्ही बरोबर असू शकतात. शोधताना दोन्ही आकडे टाका, कारण वर्षानुवर्षांचे निकाल 125 च्याच नावावर आहेत आणि नुसतं 144 टाकलंत तर भलतंच, जुन्या जमावबंदीचं काहीतरी समोर येईल! जुनं कलम कुठलं आणि नवं कुठलं ते बघायला एनसीआरबीचं, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, 'संकलन' नावाचं ॲप आहे, त्यात तक्ता दिलाय.

तुमचं वाचलेलं वाया नाही गेलं. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगायची, हे सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला घालून दिलेलं आहे, तो निकाल मिळवून वाचा, प्रतिज्ञापत्राचा नमुनाच शेवटी जोडलेला आहे. लेखांपेक्षा तो नमुना जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न: मुलींच्या लग्नाचं वय 21 झालं ना? आमच्या ग्रुपवर तर बातमीचा स्क्रीनशॉट आहे.

स्क्रीनशॉट खरा असेल हो, पण तो विधेयकाचा आहे, कायद्याचा नाही. डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत तसं विधेयक मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तशी विधेयकही बारगळलं. केंद्राच्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलीचं वय 18 च आहे. संसार मोडलाच आहे म्हणून घटस्फोट द्या, ही तरतूदही अशीच अडकलीय. विधी आयोगाने 1978 मध्ये शिफारस केली, 2009 मध्ये पुन्हा केली, 2013 मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूरही केलं, पण लोकसभेत काही ते पार पडलं नाही. मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम 142 खालच्या स्वतःच्या खास अधिकारात आपण असा घटस्फोट देऊ शकतो असं म्हटलं, पण तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा, खालच्या कोर्टात तो मागता येत नाही, आणि यूट्यूबवर मात्र 'आता घटस्फोट एका दिवसात' असे व्हिडिओ.

विधेयक कुठवर आलंय ते पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या साइटवर बघा. मांडलं कधी, समितीकडे गेलं का, मंजूर झालं का, सगळं एका पानावर असतं आणि सोप्या इंग्रजीत सारांशही असतो.

प्रश्न: मी एम.ए. करतेय, प्रबंधाचा विषय कौटुंबिक हिंसा आणि घटस्फोट. सरांनी माझे सगळे आकडे लाल पेनाने गोल करून परत दिले, म्हणाले 'हे कुठून आणलंस?' मी लेखाची लिंक दिली होती, तरी ते मान्य नाही. मग काय द्यायचं असतं?

सर बरोबर आहेत, आणि तुझं नशीब की ते वाचतात तरी. लेखातला आकडा हा ऐकीव आकडा. लेखकाने जिथून घेतला तिथे जायचं, तोही कुणाकडून घेतला असेल तर आणखी मागे जायचं, मोजणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर. मधेच वाट बंद झाली तर आकडा सोडून द्यायचा, कितीही आवडला तरी.

हिंसेबद्दल तुला दोन ठिकाणं भेटतील आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत, घाबरू नकोस. एनसीआरबीचा 'क्राइम इन इंडिया' हा पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचा हिशेब. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढंच मोजतात, म्हणजे खुनाच्या केसमध्ये सासरच्या छळाचं कलम असलं तरी ते छळाच्या रकान्यात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस मात्र घरी जाऊन बायकांना विचारतं. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 18 ते 49 वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी 29.3 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, आधीच्या फेरीत ते 31.2 होतं. आता यातल्या किती पोलिसांत गेल्या असतील? म्हणून एनसीआरबीचा आकडा वाढला की 'हिंसा वाढली' असं लगेच लिहायचं नाही, तक्रारी करण्याचं धाडसही वाढलेलं असू शकतं. तसंच दोषी ठरण्याचं प्रमाण कमी दिसलं की 'बाकीच्या सगळ्या तक्रारी खोट्या' असंही लिहायचं नाही, पुरावा कमी पडणं, साक्षीदार उलटणं, तडजोड होणं, हे सगळं त्यातच येतं. नेटवर या विषयात बाजू घेणाऱ्या साइट भरपूर, पुरुषांच्याही आणि बायकांच्याही. वाच सगळ्यांचं, मुद्दे घे, आकडा मात्र त्यांच्याकडून उचलू नकोस.

घटस्फोटाबद्दल जास्त सांभाळ. 'भारतात घटस्फोटाचं प्रमाण एक टक्का' हे वाक्य तुला शंभर ठिकाणी मिळेल, पण एक टक्का कशाचा? कुणी त्या वर्षीच्या लग्नांशी भागाकार करतं, कुणी दर हजार लोकसंख्येमागे काढतं, कुणी आज घटस्फोटित असलेले लोक मोजतं, आणि ही तीन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. 2011 च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त राहणारे असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि आपल्याकडे कोर्टाची पायरी न चढता वेगळं राहणारे किती असतात ते तुला माहितीच आहे. परदेशाशी तुलना हवी असेल तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा कुटुंबविषयक डेटाबेस आहे, तिथे तक्त्यांबरोबर व्याख्या दिलेली असते, आधी ती वाच.

धोरणाच्या भागासाठी विधी आयोगाचे अहवाल सोडू नकोस, फुकट आहेत. मुलांच्या ताब्यावर 2015 चा 257 वा अहवाल, आणि कौटुंबिक कायद्यांच्या सुधारणेवर ऑगस्ट 2018 ची सल्लापत्रिका, जिच्यात समान नागरी कायदा या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही असं म्हटलं होतं. पण तिचा दाखला देताना पुढची गोष्टही लिहायची, की जून 2023 मध्ये त्यानंतरच्या आयोगाने याच विषयावर पुन्हा लोकांची मतं मागवली आणि उत्तराखंडने तर स्वतःचा कायदा करून जानेवारी 2025 पासून लागूही केला. खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची लेखी उत्तरं संसदेच्या साइटवर असतात, कधीकधी दुसरीकडे न मिळणारा राज्यवार तक्ता तिथे मिळून जातो. जुने प्रबंध शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या साइटवर. दुसऱ्याच्या प्रबंधातली संदर्भसूची बघणं हा आळशीपणा नाही, मी तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न: फॅमिली कोर्टाचे आदेश कुठल्याच साइटवर सापडत नाहीत. लपवून ठेवतात का?

लपवतात असं नाही, झाकतात म्हणा, आणि ते बरंच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे ही प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि त्यातलं काही छापायला मनाई आहे, अपवाद हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांचा, तोही कोर्टाच्या परवानगीने. म्हणून नेटवर तुम्हाला अपिलात गेलेलीच भांडणं दिसतात, आणि 'कोर्टात नेहमी असंच होतं' हा समज त्यातूनच होतो. आपसात नीट मिटलेली शेकडो प्रकरणं तिथे कधी येतच नाहीत. स्वतःच्या केसची तारीख ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर 16 अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक, टाकून बघता येते. शेजाऱ्यांच्या केसची चौकशी या सदरात नको!

प्रश्न: इंग्रजी जमत नाही. मराठीत विश्वासार्ह काही आहे का?

आहे, थोडं आहे. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर काही निकालांचे मराठी अनुवाद आहेत, समजून घ्यायला उत्तम, पण अधिकृत प्रत इंग्रजीच धरतात. कायद्यांच्या बाबतीत गंमत वेगळी: 1973 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे राष्ट्रपतींच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला प्रादेशिक भाषेतला पाठ अधिकृत मानला जातो, म्हणजे सरकारने राजपत्रात छापलेला मराठी पाठ आणि कुणीतरी ब्लॉगवर केलेलं भाषांतर यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि वाचूनही उमगलं नाही तर 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. स्त्रिया आणि मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्यातच लिहिलंय. 'माझा पगार आहे, मला कुठे मिळणार' म्हणून किती जणी विचारतच नाहीत.

प्रश्न: मी एआयला विचारून मुलाच्या ताब्याचा अर्ज लिहिला. त्याने सुप्रीम कोर्टाचा अगदी माझ्याच केससारखा निकाल नंबरासकट दिला. अर्ज परवा द्यायचाय. ठीक आहे ना?

अगदी तुमच्याच केससारखा म्हणालात तिथेच मला शंका आली, कारण खरे निकाल एवढे सोयीचे नसतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच एआयने रचलेले निकाल दिले आणि 5000 डॉलर दंड बसला, आणि ते तर धंदेवाईक वकील. तुम्ही पाठवलेला नंबर मी ई-एससीआरवर टाकून बघितला. ही सुप्रीम कोर्टाची स्वतःची निकालांची साइट आहे, जानेवारी 2023 पासून सगळ्यांना फुकट खुली. वर्ष, मग आयएनएससी, मग क्रमांक, असा जो नंबर तुमच्याकडे आहे त्याची पद्धत खरी आहे आणि त्या नंबराचा निकालही आहे, फक्त तो जमीन संपादनाच्या मोबदल्याचा आहे. त्यात मूल नाही, ताबा आहे पण शेताचा.

तो परिच्छेद आजच काढा. बाकीच्या अर्जात अजून दोन निकालांची नावं दिसतायत, तीही टाकून बघा, सापडली तर नुसतं नाव जुळलं म्हणून थांबू नका, ज्या वाक्यासाठी तो निकाल दिलाय ते वाक्य आत आहे का ते शोधा. परवा फार लवकर वाटत असेल तर वकिलांना सांगून पुढची तारीख मागा.